'पीएचपी ८ नंतर == पुरे' म्हणे!

पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'पीएचपी ८ मध्ये तुलनेचा घोळ मिटला. आता == आणि === यांत फरक उरला नाही. बिनधास्त == वापरा, === ने उलट फॉर्मचा कोड बिघडतो.'

दोन्ही चिन्हं 'सारखं आहे का?' हेच विचारतात, पण == गरज पडली तर प्रकार बदलून तोलतं, === काहीही न बदलता प्रकार आणि किंमत दोन्ही तपासतं. घोळ मिटला हे अर्धंच खरं. नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आली, त्याआधी ० == 'आंबा' ही तुलना चक्क खरी ठरायची. आता खोटी ठरते. पण ही दुरुस्ती आकडा विरुद्ध आकडा नसलेली स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) एवढ्याच जोडीची.

फरक उरला नाही? मग ओटीपी घ्या. साठवलेला '००४५', माणसाने टाकला '४५'. दोन्ही स्ट्रिंगच, पण दिसतात आकड्यांसारख्या, म्हणून == त्यांना आकडे समजून तोलतं आणि सरळ आत सोडतं. === सोडत नाही. (कोडमध्ये हे आकडे इंग्रजीत लिहा. देवनागरी '४५' पीएचपीच्या लेखी निव्वळ अक्षरं.) एमडी५ हॅशचंही (मजकुरावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेचंही) तेच: शून्य, मग इंग्रजी 'ई', पुढे नुसते आकडे, असे दोन वेगळे हॅश == ला सारखेच वाटतात. शून्याला दहाच्या कितव्याही घाताने गुणा, शून्यच.

नवशिका हमखास अडकतो तो स्ट्रपॉसपाशी, म्हणजे मजकुरात शब्द कुठे आहे ते सांगणाऱ्या फंक्शनपाशी. 'पुणे शहर' मध्ये 'पुणे' शोधा, उत्तर येतं ०, कारण शब्द सुरुवातीलाच आहे. सापडला नाही तर येतं फॉल्स, म्हणजे 'खोटं'. == ला ० आणि फॉल्स सारखेच. आता इफमध्ये == फॉल्स लिहिलंत की समोर दिसणारं पुणे 'सापडलं नाही'! आठमध्येही. ('शहर' शोधलंत तर १३ येतं. स्ट्रपॉस अक्षरं नाही, बाइट मोजतं: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, तीन बाइटांचं, मधली मोकळी जागा एका बाइटाची.) नुसतं आहे की नाही एवढंच हवं असेल तर ८.० पासून स्ट्र_कंटेन्स आहे, ते वापरा.

राहिला फॉर्म. तिथून वय '१८' अशी स्ट्रिंग येते, म्हणून === १८ जुळत नाही, हे खरंय. पण दोष === चा नाही, न तपासता घेतलेल्या मालाचा आहे. आधी फिल्टर_व्हारने (आलेली किंमत तपासून देणाऱ्या फंक्शनने) पूर्णांक करून घ्या, मग तुलना करा. मात्र 'अपत्यांची संख्या' या रकान्यात कुणी ० भरलं तर फिल्टर_व्हार ० च देणार, आणि चुकीचं काही भरलं तर फॉल्स. त्या दोघांना वेगळं काढायला पुन्हा === च लागतं.