महिला दालनाला एक टेबल पुरे

तुमच्या संग्रहालयात अणुविज्ञानातल्या बायकांचं दालन मांडायला घेतलंय म्हणता? फार डोकेफोड करू नका. एक जुनं टेबल मिळवा.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचा कित्ता गिरवा. युरेनियमचा अणू फुटतो हे ज्या उपकरणांमुळे कळलं, ती तिथे एका टेबलावर मांडलेली आहेत. काम झालं होतं तीन वेगवेगळ्या खोल्यांत, पण तीन खोल्या पुसायच्या कोणी? एक टेबल, एक पाटी: रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांचं कामाचं टेबल. कित्येक वर्षं असंच चाललं. मोजणीची उपकरणं त्यांची सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइट्नर, हिच्या विभागातली, पण उपकरणं थोडीच बोलतात! पुढे तिचंही नाव लागलं म्हणा. तुम्हाला कसली घाई?

ती १९०७ मध्ये डॉक्टरेट खिशात घालून व्हिएन्नाहून बर्लिनला आली. रसायनशास्त्राच्या संस्थेत बायकांना मज्जाव, म्हणून तिला सुताराची जुनी खोली दिली. पगार शून्य. लघवीला जायचं तर रस्त्यावरच्या हॉटेलात. तेव्हा तुमचं दालन प्रसाधनगृहाला लागूनच ठेवा, तेवढीच भरपाई.

१९२२ मध्ये तिने विश्वातल्या, म्हणजे 'कॉस्मिक' घडामोडींवर व्याख्यान दिलं. पेपरात विषय छापून आला 'कॉस्मेटिक'! हा किस्सा भिंतभर लावा, खाली एक लिपस्टिक ठेवा. शाळेच्या सहली तिथेच रेंगाळतील.

डिसेंबर १९३८ मात्र टाळा. ज्यू म्हणून जर्मनीतून जीव मुठीत धरून निसटलेली साठीची बाई स्वीडनच्या बर्फात चालतेय, भाचा ऑटो फ्रिश स्कीवर. हानच्या पत्रात कोडं: युरेनियममधून बेरियमसारखं कितीतरी हलकं मूलद्रव्य आलं कुठून? दोघं पडलेल्या झाडाच्या खोडावर बसतात, खिशातल्या चिठोऱ्यांवर आकडेमोड करतात. अणू दुभंगला, तर प्रोटॉन या अणुकेंद्रातल्या कणाच्या एक पंचमांश वस्तुमान गायब, त्याची ऊर्जा वीस कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. गणित जुळलं! पण आता ओंडका आणि चिठोऱ्या मांडायच्या कशा? त्यापेक्षा या शोधासाठी हानला एकट्याला मिळालेलं १९४४ चं नोबेल सोपं. पदक चकाकतं, दिवाही कमी लागतो.

अगदीच कोणी हटून बसलं, तर मूलद्रव्य क्रमांक १०९ दाखवा. त्याचं नावच माइट्नेरियम. त्याचे सगळ्यात टिकाऊ अणूसुद्धा काही सेकंदांत विरतात, म्हणजे काचेच्या कपाटाचाही खर्च वाचला.