बिनपगारी, फुल अधिकारी

घरात मला हल्ली 'बिनपगारी, फुल अधिकारी' म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानं पाहिलं तर त्यात चेष्टा काही नाही. बॉस्टनच्या पश्चिमेला आमचं छोटं गाव आहे, त्याच्या कॉन्झर्वेशन कमिशनची, म्हणजे ओढे आणि पाणथळ जागा राखणाऱ्या गावच्या समितीची, मी सदस्य आहे. मानधन दमडीचं नाही. गमबूट आपले, पेट्रोल आपलं. पण शेतीसारखे काही अपवाद सोडले, तर आमच्या सहीशिवाय गावातल्या ओढ्याकाठी कुणाला फावडं मारता येत नाही. रस्ते सांभाळणाऱ्या गावच्याच खात्यालाही नाही.

हे लिहायचं कारण असं, की मराठी मंडळाच्या कार्यक्रमात परवा कुणीतरी माझी ओळख "या झाडं लावतात" अशी करून दिली. टाळ्याही पडल्या. अहो, मी कमिशनवर आल्यापासून एक रोप लावलेलं नाही. आमचं काम नकाशे वाचायचं, चिखलात उभं राहायचं, सुनावणी घ्यायची आणि अटी लिहायच्या. भयंकर कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. गावोगावी अशी कमिशन्स नेमायला मुभा देणारा कायदा इथे १९५७ साली झाला. इप्सविच नावाच्या समुद्राकाठच्या गावातल्या लोकांनी आपली दलदल वाचवायला धरलेला आग्रह त्याच्या मुळाशी होता. तीन ते सात सदस्य, प्रत्येकाची मुदत तीन वर्षं, नेमणूक गावाकडूनच. सुरुवातीला ही मंडळी जमिनीची मोजदाद करत, पायवाटा आखत, मोकळी जमीन गावासाठी मिळवत. म्हणजे सभ्य, निरुपद्रवी काम. दात आले ते नंतर. १९६३ मध्ये किनाऱ्यावरच्या आणि १९६५ मध्ये आतल्या भागातल्या पाणथळ जागांसाठी कायदे झाले, १९७२ मध्ये दोन्ही एकत्र करून वेटलँड्स प्रोटेक्शन ॲक्ट आला, आणि त्याची अंमलबजावणी राज्यानं या बिनपगारी लोकांच्या हातात दिली. आज राज्यातल्या ३५१ च्या ३५१ गावा-शहरांत कमिशन आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्येही कमिशन्स आहेत, माणसं तितकीच तळमळीची आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः सल्ला देण्याचं. आणि सल्ल्याचं काय होतं हे लग्नाच्या वयाची मुलं असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

काम चालतं कसं? पाणथळ जागेच्या कडेपासून १०० फुटांच्या आत काही करायचं असेल, किंवा बारमाही नदी-ओढ्यापासून २०० फुटांत (हा भाग १९९६ च्या कायद्यानं आला, काही दाट वस्तीच्या शहरांत तो २५ फूट आहे), तर आधी अर्ज. शेजाऱ्यांना पत्रं जातात, वर्तमानपत्रात सूचना येते, २१ दिवसांत सुनावणी. ती सगळ्यांसाठी खुली. मग आम्ही 'ऑर्डर ऑफ कंडिशन्स' काढतो, म्हणजे अटींसह परवानगी. ती पटली नाही तर कामकाजाच्या १० दिवसांत राज्याच्या पर्यावरण खात्याकडे अपील.

लोकांना वाटतं आम्ही 'नाही' म्हणायला बसलोय. साफ नकार फार क्वचित जातो. आमची खरी ताकद अटींमध्ये आहे. शेड वीस फूट मागे घ्या. गाळ अडवायला उतारावर कापडी कुंपण आणि गवताचे लोड घाला, ते आम्ही येऊन बघितल्याशिवाय खोदाई सुरू करू नका. छपराचं पाणी थेट ओढ्यात सोडू नका, जमिनीत मुरवा. लॉन इथपर्यंत, त्यापुढे जे उगवेल ते उगवू द्या. असल्या बारीकसारीक अटी वर्षानुवर्षं, घराघराला लागू होत जातात आणि ओढा जिवंत राहतो. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

चिखलाचंही सांगते. शनिवारी सकाळी जागेची पाहणी असते. अर्जदाराच्या तज्ज्ञानं पाणथळीची कड समजून ओळीनं गुलाबी फिती बांधलेल्या असतात, आणि ती कड खरी कुठे आहे यावर सगळा वाद असतो, कारण १०० फूट तिथून मोजायचे. गिरमिटासारखं हत्यार जमिनीत फिरवून फूट-दीड फूट खालची माती वर काढायची आणि तळहातावर घ्यायची. तपकिरी, भुसभुशीत असेल तर कोरडी जमीन. करडी, चिकट आणि मध्ये गंजासारखे तांबूस ठिपके असतील तर ती माती वर्षातला बराच काळ पाण्याखाली असते, मग त्या दिवशी वरून कितीही सुकी दिसो. आजूबाजूला रेड मेपल आणि स्कंक कॅबेज ही ओल्या जमिनीत वाढणारी झाडं दिसली की शंका उरत नाही. माती खोटं बोलत नाही असं म्हणणार होते, पण खोदण्याची जागा माणूस ठरवतो. म्हणून आम्ही फितीच्या दोन्ही बाजूंना खोदतो.

आता आपल्या लोकांविषयी. ओळखीतलं एक मराठी कुटुंब. मागच्या अंगणातून छानसा ओहोळ जातो आणि यांना लॉन त्याच्या काठापर्यंत न्यायचं होतं. अर्ज यायच्या आधी फोन आला. "अगं, तू आहेस ना तिथे? मग जरा बघ की!" म्हटलं, बघते तर, सगळ्यांचंच बघते. सुनावणीच्या सुरुवातीलाच मी आमची ओळख आहे हे जाहीर केलं, ते इतिवृत्तात गेलं, आणि त्यांना सगळ्यांसारख्याच अटी लागल्या. दिवाळीच्या फराळाला बोलावणं आलं नाही. चालायचंच. पण गंमत पाहा, गावातल्या सुनावण्यांना आपले लोक येतात ते फक्त अर्जदार म्हणून. डेक, स्विमिंग पूल, लॉन. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायला कुणी तयार नाही. वर्षातून एकदा नदीकाठचा कचरा उचलायला टी-शर्ट घालून पन्नास जण येतात. ते चांगलंच आहे, मी त्याला हसत नाही. पण महिन्यातून दोन संध्याकाळी बसून ड्रेनेजचा हिशोब वाचायला माणूस मागितलं की सगळ्यांच्या मुलांचे क्लास असतात.

शेजारी कधीकधी तावातावानं येतात. ट्रॅफिक वाढेल, आमचा व्ह्यू जाईल, घरं फार मोठी आहेत. अध्यक्ष दरवेळी शांतपणे सांगतात की हे आमच्या कक्षेत येत नाही. आम्ही पाणीपुरवठा, भूजल, पूर, वादळाचं नुकसान, प्रदूषण, मासे, शिंपले, वन्यजीवांचा अधिवास एवढंच बघू शकतो. लोक चिडतात. मला मात्र ही मर्यादाच महत्त्वाची वाटते. स्वतःला आवडत नाही म्हणून अडवायला लागलो, तर पुढच्या अपिलात आपटू आणि तेच योग्य होईल.

एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर आमच्याच नदीत आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये डायान वादळानं चार्ल्स नदीला मोठा पूर आणला. पुढे पूरनियंत्रणाचा अभ्यास करताना लष्कराच्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं, की नदीच्या वरच्या भागातल्या दलदली स्पंजसारखं पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. धरणाऐवजी त्यांनी सुमारे ८,००० एकर पाणथळ जमीन विकत घेऊन किंवा हक्क घेऊन तशीच ठेवली. १९७४ मध्ये मंजुरी, १९८३ पर्यंत खरेदी पूर्ण. काँक्रीटवर प्रेम करणाऱ्या खात्यानं हे केलं, म्हणून मला जास्तच पटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीकाठी काय झालं, हे आठवणाऱ्यांना स्पंज बुजवण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

त्यात २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सॅकेट खटल्यात निकाल दिला, की नदी-तळ्याशी वरून सलग जोडलेल्या पाणथळींनाच केंद्राच्या कायद्याचं संरक्षण. बाकीच्या सुटल्या. रानातली वसंतात भरणारी आणि उन्हाळ्यात आटणारी डबकीही त्यात आली. ही ऑगस्टमध्ये पानांनी भरलेल्या खड्ड्यासारखी दिसतात. मार्च-एप्रिलच्या पहिल्या उबदार पावसाळी रात्री वुड फ्रॉग आणि ठिपकेवाले सॅलमँडर तिथे अंडी घालायला येतात, कारण डबकं दरवर्षी आटतं, त्यामुळे अंडी खाणारे मासे नसतात. राज्याच्या कायद्यातूनही एकटं पडलेलं डबकं निसटू शकतं. म्हणून बऱ्याच गावांनी टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे थेट ग्रामसभेतच, मतदान करून आपले कडक उपनियम केले, त्यांना ॲटर्नी जनरलची मंजुरी घेतली. वॉशिंग्टनमध्ये काय चाललंय यावर मी रोज रात्री बडबडते, पण माझ्या हातात आहे ते हे.

महाराष्ट्रातही अशी सोय कागदावर आहे, बरं का. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायत-नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे आणि तिनं लोकांना विचारून गावातल्या जैवविविधतेची नोंदवही करायची आहे. बरीच वर्षं हालचाल थंड होती. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भुर्दंड. धडाधड समित्या झाल्या. घाईत झालेल्या नोंदवह्यांचा दर्जा काय असतो ते सांगायला नको. तरी मी या समित्यांना मोडीत काढणार नाही. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्ड्याची मायरिस्टिका (जायफळाच्या कुळातल्या झाडांची) दलदल देवराई म्हणून लोकांनीच राखली होती, आणि २०२१ मध्ये तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राखणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या समितीला गावाबाहेरच्या व्यापाऱ्याकडून जंगलमालावर शुल्क घेता येतं. पण ओढ्यात भराव टाकणाऱ्या डंपरला 'थांब' म्हणायचा अधिकार नाही, तिनं तहसीलदाराकडे अर्ज करायचा आणि वाट बघायची. माझं भांडण नेमकं इथे आहे. तळमळ फुकट मिळते म्हणून तिला अधिकार द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

इथे घर घेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. आमची ऑर्डर रजिस्ट्रीत घराच्या कागदांबरोबर नोंदलेली असते. काम अटींप्रमाणे पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मागच्या मालकानं घेतलं नसेल, तर ते लोढणं तुमच्या गळ्यात येतं आणि विकताना क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा करायच्या, आठवड्यात धावपळ होते. तेव्हा ऑफर देण्याआधी टाउन हॉलमध्ये जाऊन त्या पत्त्याची फाईल मागा. फुकट बघायला मिळते. आणि तिथे गेलाच आहात, तर कमिशनवर जागा रिकामी आहे का तेही विचारा. बहुतेक असते.