ड्रायव्हर म्हणतो हजार!

नेटवर्क कार्डाचा दिवा हिरवा, ईथटूल (लिनक्समध्ये लिंकचा वेग विचारायची कमांड) म्हणतंय १००० मेगाबिट, की झालं! जळगाव असो की धुळे, 'टेस्टिंग ओके' लिहून माणूस मोकळा. अरे भो, ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सांगितलेला आकडा हा नुसता दावा असतो!

केबल उपटा आणि पुन्हा विचारा. तरी १००० दाखवतोय? मग तो जुनाच आकडा चघळतोय. लिंक नसताना 'अननोन' यायला हवं. आतून तो -१ असतो. कुणी तो बिनचिन्ह (उणे आकडा न मावणाऱ्या) १६ बिटांत कोंबला की होतो ६५५३५. मग मॉनिटरिंगवर पासष्ट गिगाबिट! भुसावळच्या मे महिन्यात डोकं तापायला ऊन कशाला हवं?

ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) चालूच ठेवून स्विचच्या पोर्टवर जाहीर होणारा वेग १०, १००, १००० असा बदला. दर वेळी दोन्हीकडचे आकडे ताडा, डुप्लेक्ससकट (फुल म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने). एकाच बाजूला १०० फुल ठोकून बसवलं, तर ऑटोवाली बाजू हाफ धरते. तो ड्रायव्हरचा दोष नाही, उगाच बोंब नको.

आणि ते क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं! शंभरला दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. ४-५ किंवा ७-८ पिनची तार सैल असली, तर काही चिप गुपचूप शंभरवर उतरतात, काहींची लिंक उठतच नाही. ड्रायव्हर मात्र हजारच सांगत बसला, तर आयपर्फ (खरा वेग मोजायचं साधन) लावा. टीसीपीत खऱ्या गिगाबिटला साधारण ९४० मेगाबिट मिळतात. ९४ आले, की कोण खोटं बोलतंय ते दिसतंच. पण दोन मिनिटं थांबून तेवढं लावतंय कोण!