प्रतिक्रियेला उत्तर: 'अंधारात कॅमेरा धरलाच नाही' वगैरे

नमस्कार. नाव लिहिलं नाहीत, म्हणून नुसतं साहेब म्हणतो. काजवे नि ताऱ्यांचे रात्री फोटो कसे काढायचे यावरच्या माझ्या लेखाखाली साहेब लिहितात, "लेखात नाईट व्हिजनचा पत्ताच नाही, नुसतं ट्रायपॉड नि आयएसओचं (म्हणजे उजेड टिपायच्या संवेदनशीलतेचं) कीर्तन. कॅमेरा ट्रॅपचा (जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा) ८५०-९४०चा (इन्फ्रारेड उजेडाच्या तरंगलांबीचे आकडे, नॅनोमीटरमध्ये) फरक नाही, किमती नाहीत, फुल फ्रेमशिवाय (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याशिवाय) रात्रीचं काही जमत नाही हेही नाही. ज्यांनी कधी अंधारात कॅमेरा धरला नाही त्यांनी असले लेख पाडू नयेत."

चूक दाखवायला ना नाही हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? समोर बसून असं बोलला असतात का?

अंधारात धरला नाही म्हणे. अहो, काकांच्या फोटो स्टुडिओत वाढलोय मी. गावोगावच्या जागरण-गोंधळाला एका ट्यूबलाइटवर ८०० आयएसओचा रोल घालून फोटो काढलेत, मागे स्क्रीन नव्हती तेव्हा, रोल धुऊन येईपर्यंत पोटात गोळा. गोंधळी दिवटीवर तेल ओतायचा आणि भडका उठायचा, तेवढ्यात बटण दाबायचं, एरवी शटर १/१५ सेकंदावर उतरायचं नि सगळे चेहरे हललेले. फ्लॅश मारला तर दिवटीचा सगळा रंगच मरतो, म्हणून काका तो हातात द्यायचेच नाहीत. आणि हे मला तुम्ही सांगताय.

आता नाईट व्हिजन. लेख काजवे आणि ताऱ्यांवर होता, मे अखेर-जूनला भंडारदऱ्याला जाणाऱ्यांसाठी. तुम्ही म्हणता त्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकते, त्याच्याच एलईडीचा आपल्याला न दिसणारा उजेड समोर आपटून परत येतो आणि काळं-पांढरं चित्र बनतं. म्हणजे काजव्याचा पिवळट हिरवा रंगच गेला की! आणि आकाशगंगेवर एलईडी मारून तो पोचणार कुठवर? तिथे वाइड लेन्स, एफ २.८ (म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं) आणि २०-२५ सेकंद न हलणारा ट्रायपॉडच लागतो, ज्याला तुम्ही कीर्तन म्हणताय.

लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र, मोठं करून लांबच्या दिव्यावर फोकस, मग ऑटोफोकस बंद आणि रिंगला चिकटपट्टी, हे लिहिलं होतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनचंही लिहिलं होतं. ते चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंद एक काळा फोटो घेत बसतो, लोकांना वाटतं हँग झाला नि बॅटरी काढतात. काजव्यांचे फोटो एकावर एक चढवायचे असतील तर मधली चमक सगळी निसटते, म्हणून ते बंद ठेवा. एवढं खाली वाचलंत का, की ट्रायपॉड शब्द दिसल्यावरच टायपायला घेतलंत?

बरं, ८५०च्या ट्रॅपचा बारीक लाल ठिपका डोळ्याला दिसतो, ९४०चा दिसत नाही पण त्याचा पल्ला कमी, हे खरंय. एक ओळ वाढवतो लेखात. बास.

किमती दर महिन्याला बदलतात, दुकानात विचारा. फुल फ्रेमचं म्हणाल तर आधी तुमचा एखादा रात्रीचा फोटो इथे टाका, एक्झिफसकट (फोटोत आपोआप नोंदलेल्या कॅमेऱ्याच्या सेटिंगसकट), मग बोलू.