"आयपॅडलाही हसले होते" म्हणून नवा टॅब्लेट भारी? काहीही हां

परवा एका कंपनीने नवा टॅब्लेट जाहीर केला. लोकांनी लगेच नावं ठेवायला सुरुवात केली, की मागच्या मॉडेलपेक्षा यात नवीन काय, पेनचे वेगळे पैसे, कीबोर्डचे वेगळे पैसे, एवढा दणकट प्रोसेसर घालून शेवटी व्हिडिओच बघायचे ना वगैरे. इथपर्यंत नेहमीचंच. पण त्याला उत्तर म्हणून एक लांबलचक पोस्ट फिरतेय, "हसणाऱ्यांनो, आधी इतिहास वाचा" अशा थाटाची. ती आमच्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकली आणि थोड्या वेळाने आत्याचा मला वेगळा मेसेज: "अरे, मग करू का बुक? आयपॅडलाही लोक असंच बोलले होते म्हणे." आत्या पैशाच्या बाबतीत फार जपून, चार ठिकाणी विचारल्याशिवाय काही घेत नाही, आणि तिला एका फॉरवर्डने अर्धं पटवलं? मग म्हटलं बसून उत्तर देऊच.

पोस्टमध्ये काय म्हटलंय ते थोडक्यात. २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला तेव्हा अख्खं जग हसलं. हसणारे सगळे तोंडावर पडले आणि आयपॅडने लॅपटॉप संपवला. ज्या वस्तूला लोक जास्त हसतात तीच पुढे चालते. हातात न घेता बोलणाऱ्यांच्या मताला शून्य किंमत, कंपनीला त्याने काडीचा फरक पडत नाही. आणि आज जे कमी वाटतंय ते अपडेटमध्ये येईलच, म्हणून वाट न बघता प्री-ऑर्डर करा.

"अख्खं जग हसलं." हसले, नाही म्हणत नाही. ॲपलचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह जॉब्ज, त्याच्या वॉल्टर आयझॅक्सनने लिहिलेल्या चरित्रात हे सगळं आलंय, २७ जानेवारी २०१० ला आयपॅड दाखवल्यावर जॉब्जला २४ तासांत सुमारे ८०० ईमेल आले आणि त्यातले बहुतेक तक्रारीचे, यूएसबी नाही, हे नाही, ते नाही, नाव आवडलं नाही. गडी वैतागलाच नाही तर चक्क खट्टू झाला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. मायक्रोसॉफ्टचा बिल गेट्सही तेव्हा म्हणाला होता की वाचायला बरा आहे, पण "हे आपण करायला हवं होतं" असं वाटावं असं त्यात काही नाही. पण याला अख्खं जग म्हणायचं? त्याच कार्यक्रमात पडद्यावर आधी ९९९ डॉलर असा आकडा दाखवला होता, कारण बाहेर चर्चाच हजार डॉलरच्या आसपासची होती, आणि मग वरून ४९९ चा आकडा येऊन त्यावर आदळला आणि ९९९ चा चुरा झाला. ती पण लोकांच्याच अपेक्षेवर खेळलेली खेळी होती ना? ३ एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू झाली, पहिल्या दिवशी ३ लाख गेले, २८ दिवसांत १० लाख. अख्खं जग हसत होतं तर रांगा कोणी लावल्या?

"हसणारे सगळे तोंडावर पडले." इथे मला खरंच हसू आलं, कारण तेव्हाच्या तक्रारींची यादी काढा आणि पुढे काय झालं ते बघा. कॅमेरा नाही म्हणून ओरडले, मार्च २०११ च्या आयपॅड २ मध्ये पुढे-मागे दोन्हीकडे कॅमेरा. एका वेळी एकच ॲप चालतं म्हणाले, नोव्हेंबर २०१० मध्ये मल्टिटास्किंग दिलं. पेन नाही म्हणाले, आणि पेनची टिंगल तर जॉब्जनेच जाहीर केली होती, २०१५ मध्ये ॲपलने स्वतःचं पेन्सिल नावाचं पेन काढलं. यूएसबीचं रडगाणं नऊ वर्षं चाललं, पेन ड्राइव्ह लावून फायली बघायची सोय २०१९ ला आली. आणि कॅल्क्युलेटर! अहो, साधा कॅल्क्युलेटर, जो दहा रुपड्यांच्या फोनमध्येही असतो, तो कंपनीकडून आयपॅडवर यायला २०२४ साल उजाडलं. म्हणजे तक्रार करणारे चुकले नव्हते, त्यांनी कंपनीची पुढच्या दहा-पंधरा वर्षांची कामाची यादीच फुकटात लिहून दिली होती.

फ्लॅश, म्हणजे वेबसाइटवरचे व्हिडिओ-गेम चालवणारं ॲडोबीचं सॉफ्टवेअर, त्याच्या बाबतीत मात्र हसणारे चुकले, हे कबूल करावं लागेल. आयपॅडवर फ्लॅश चालत नाही म्हणजे अर्धं इंटरनेट चालणार नाही असं तेव्हा ठासून सांगितलं जायचं. २०११ मध्येच ॲडोबीने मोबाइलसाठी फ्लॅश बंद केलं आणि २०२० संपताना ते सगळीकडूनच गेलं. चला, तेवढं पोस्टवाल्याला दिलं. पण एक उत्तर बरोबर आलं म्हणून अख्खा पेपर बरोबर धरायचा नसतो. लॅपटॉप संपवल्याचं तर सोडूनच द्या. २०१३ च्या आर्थिक वर्षात ॲपलने ७.१ कोटी आयपॅड विकले आणि २०१७ पर्यंत तो आकडा ४.४ कोटींच्या खाली आला, आणि लॅपटॉप ती कंपनी आजही विकतेच आहे.

आता येऊ त्या सगळ्यात अचाट वाक्याकडे, "ज्या वस्तूला लोक जास्त हसतात तीच चालते." हे म्हणजे पहिला आलेला मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमाला गेला होता म्हणून सगळ्यांनी सिनेमाला जा असं सांगण्यासारखं आहे, बाकी जे गेले आणि नापास झाले त्यांचं काय? नापास झालेल्यांवर कोणी पोस्ट लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

ॲपलचाच न्यूटन घ्या, १९९३ चा, हातात धरून पेनने लिहायचं यंत्र. हाताने लिहिलेलं ओळखतो म्हणाले आणि भलतंच काहीतरी ओळखायचा, लोक पोट धरधरून हसले, आणि १९९८ मध्ये तो बंद पडला. बंद कोणी केला? जॉब्जनेच. ब्लॅकबेरीचा प्लेबुक, एप्रिल २०११. ज्या कंपनीचं नाव ईमेलमुळे घराघरात गेलं तिच्या टॅब्लेटमध्ये स्वतःचं ईमेल ॲपच नव्हतं! ईमेल बघायचा तर शेजारी त्याच कंपनीचा फोन ठेवायचा, ब्लूटूथने जोडायचा आणि मग बघायचा. लोक हसले नसते तर काय केलं असतं? डिसेंबर २०११ मध्ये पडून राहिलेल्या प्लेबुकांपायी कंपनीने ४८.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला, आणि ईमेल आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये. एचपीचा टचपॅड नावाचा टॅब्लेट १ जुलै २०११ ला बाजारात आला आणि १८ ऑगस्टला कंपनीने सांगितलं, बास, बंद. दीड महिना! मग उरलेला माल ९९ डॉलरला काढल्यावर लोक तुटून पडले, म्हणजे वस्तूला गिऱ्हाईक होतं, पण पहिल्या दिवशी ज्याने पूर्ण किमतीत घेतला तो बिचारा बघत बसला. मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी, २०१२: दिसायला विंडोज, पण जुने विंडोजचे प्रोग्राम चालणार नाहीत. लोकांनी जाहीर झाल्यापासून विचारलं की मग उपयोग काय. जुलै २०१३ मध्ये ९० कोटी डॉलर बुडीत खाती. आणि ही तीच कंपनी जिच्या बिल गेट्सने २००१ मध्ये सांगितलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वात जास्त खपणारा पीसी टॅब्लेटच असेल. म्हणजे हसणारे चुकतात तसे टाळ्या वाजवणारेही चुकतात, पण त्यांचे स्क्रीनशॉट कोणी फिरवत नाही. हसण्यावरून वस्तू चालेल की पडेल ते कळत नाही. लोक कशाला हसतायत ते विचारलं तर थोडंफार कळतं. आयपॅडच्या नावाला हसणारे विसरून गेले, प्लेबुकमध्ये ईमेल नाही याला हसणारे बरोबर निघाले.

यापेक्षा जास्त राग मला "अपडेटमध्ये येईलच, बुक करा" याचा आहे, कारण बाकी सगळी नुसती बडबड आहे आणि या एका ओळीने माणसाचे पैसे जातात. मोटोरोलाचा झूम टॅब्लेट आठवतोय का कोणाला, फेब्रुवारी २०११ चा? त्याला मेमरी कार्डचा स्लॉट होता. कार्ड आत जायचं, बसायचं, आणि काहीच व्हायचं नाही, कारण त्याला लागणारं सॉफ्टवेअर तेव्हा तयारच नव्हतं. फोरजी मिळेल असं सांगून विकला आणि ते मिळवायला गिऱ्हाइकाने अख्खा टॅब्लेट डब्यात घालून कंपनीकडे परत पाठवायचा, तेही महिनोन्‌महिने वाट बघितल्यावर. टचपॅडवाल्यांना तर अपडेटची वाट बघायलाही कंपनीने वेळ दिला नाही. आणि आयपॅडचंच उदाहरण हवं असेल तर वर दिलंय की: ज्याने २०१० मध्ये "कॅमेरा येईल पुढे" म्हणून घेतला त्याच्या आयपॅडला कॅमेरा कधीच आला नाही, तो नवीन आयपॅडला आला. अपडेटने सॉफ्टवेअर येतं, काच फोडून कॅमेरा उगवत नाही! आत्याचं सगळं आयुष्य पेन ड्राइव्हमध्ये आहे, फोटो, हिशेब, भजनांची रेकॉर्डिंग. तिला मी एवढंच कळवलंय की तुझा पेन ड्राइव्ह त्याला लावून आज उघडतो का ते बघ, तुझ्या डोळ्यांदेखत, आणि पेन-कीबोर्ड धरून एकूण किती होतात ते विचार. "येईल" हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडून आला की त्या गोष्टीची किंमत आपल्या हिशेबात शून्य धरायची. प्री-ऑर्डरवर फुकट कव्हर मिळतंय म्हणे. मिळू दे.

"हातात न घेता बोलणाऱ्यांच्या मताला किंमत नाही." यात थोडं तथ्य आहे, मनाविरुद्ध का होईना मान्य करतो. "हा तर नुसता मोठा आयफोन" असं म्हणणाऱ्यांनी २०१० मध्ये तो मांडीवर घेऊन वापरला नव्हता, आणि हातात आल्यावर बऱ्याच जणांचं मत बदललं, मोठा आयफोन हीच तर मजा होती त्याची. वजन, स्क्रीन, पेन कसं चालतं हे लांबून कळत नाही, त्यावर आत्तापासून निकाल देणाऱ्यांनी जरा दम धरावा. पण पेन डब्यात नाही, ईमेल ॲप नाही, जुने प्रोग्राम चालणार नाहीत, हे कळायला हातात कशाला घ्यायला पाहिजे? ते कंपनीनेच लिहिलेलं असतं, वाचता येणाऱ्याला कळतं.

राहिलं "लोकांच्या बोलण्याने कंपनीला काडीचा फरक पडत नाही." मे २०२४ मध्ये ॲपलने नव्या आयपॅड प्रोची जाहिरात काढली, त्यात एक अजस्र प्रेस पियानो, रंगांचे डबे, कॅमेऱ्याच्या लेन्स असं सगळं चिरडतो आणि खालून पातळसा आयपॅड निघतो. कलाकार भडकले, जपानमध्ये तर फारच भडकले. दोन दिवसांत कंपनीने "आमचं चुकलं" म्हणत माफी मागितली आणि टीव्हीवर ती दाखवायचा बेत रद्द केला. ज्यांच्या बोलण्याने हे झालं त्यांच्यापैकी कोणीही तोवर तो आयपॅड हातात घेतलेला नव्हता, कारण तो दुकानात यायचाच होता.