हिरडीतून रक्त आलं म्हणून गोळी बंद करू नका

रक्त गोठू नये म्हणून औषध घेणाऱ्यांसाठी एक मेसेज सगळीकडे फिरतोय. जरा रक्त दिसलं की गोळी बंद करा, चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्या, हिरव्या पालेभाज्या कायमच्या सोडा, नव्या गोळ्यांना रक्ततपासणी लागत नाही, पोटात इंजेक्शन दिल्यावर जागा चोळा. असे पेशंट सांभाळणारी नर्स म्हणून सांगते, यातलं एकही पाळू नका. पहिली सूचना तर जीवघेणी आहे.

हृदयाचे अनियमित ठोके, पायाच्या शिरेतली गुठळी, कृत्रिम झडप, ज्यासाठी गोळी सुरू झाली तो धोका हिरडीतून रक्त आल्याने टळत नाही. अ‍ॅपिक्साबान, रिव्हरोक्साबान या नव्या गोळ्यांचा असर साधारण दिवसभरात ओसरतो आणि पेशंटला पक्षाघात होण्याची भीती पुन्हा उभी राहते. धातूची झडप असेल तर तिच्यावरच गुठळी धरू शकते. हिरडीसाठी मऊ ब्रश घ्या आणि डॉक्टरांना कळवा. नाकातून रक्त आलं तर पेशंटला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं मध्ये न सोडता दाबा. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी यांत मात्र क्षणभरही थांबायचं नाही. डोक्याला मार लागला असेल तर वरून खरचटलेलंही नसलं तरी हॉस्पिटल गाठा. कवटीच्या आतला रक्तस्राव कित्येकदा काही तासांनी लक्षात येतो. कोणती गोळी, शेवटची किती वाजता, हे तिथे आधी सांगा. पुढची गोळी थांबवायची का, उतारा द्यायचा का, हे त्यावर ठरतं.

वॉरफरिन या जुन्या औषधाची गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचीच एक घ्या, आणि चुकल्याची नोंद ठेवा.

पालेभाज्यांची भीती वॉरफरिनमुळे आली. ते औषध जीवनसत्त्व के च्या कामात अडथळा आणतं आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असतं. त्रास होतो तो प्रमाण एकदम बदलल्याने. महिनाभर भाजी बंद ठेवली तर आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वर जातो, मग एकदम भरपूर खाल्ली की खाली येतो. बहुतेकांना तो 2 ते 3 मध्ये हवा असतो. रोज सारखंच खा. अ‍ॅपिक्साबान, रिव्हरोक्साबान, डॅबिगॅट्रान यांना भाजीचं हे पथ्य नाही.

या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, एवढंच खरं. डॅबिगॅट्रानचा सुमारे 80 टक्के भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड थकलं की औषध अंगात साचतं. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी बघायचं, म्हातारपणी त्याहून लवकर. आणि सांधे दुखले म्हणून आयबुप्रोफेन मनाने घ्यायचं नाही, कोणत्याच गोळीबरोबर.

इंजेक्शननंतर चोळल्याने त्वचेखाली रक्त साकळतं. बेंबीपासून 5 सेंटिमीटर लांब, कातडीची घडी धरून सुई सरळ घाला, नंतर कापसाने नुसतं दाबून ठेवा. पुढचं इंजेक्शन दुसऱ्या बाजूला.