चारित्र्याच्या संशयावरून

पेपरच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.' गाव बदलतं, हत्यार बदलतं, मथळा तोच. संशय त्याचा, पण बातमीत पहिलं येतं तिचं चारित्र्य.

परवा शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' नाटक पुन्हा वाचलं आणि हा मथळा डोक्यातून जाईना. कॉलेजात आम्हाला शिकवलेलं की ऑथेल्लो बिचारा भाबडा, बायकोवर, डेस्डिमोनावर, जीव टाकणारा, हाताखालच्या इयागोने त्याचे कान भरले. मीही परीक्षेत तेच खरडून मार्क मिळवलेत. आता पटत नाही.

कान भरतो म्हणजे इयागो करतो काय? तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश काढा. ऑथेल्लोचाच एक अधिकारी कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून निघून जातो आणि इयागो नुसता पुटपुटतो, 'हं, हे काही बरं दिसत नाही.' काय म्हणालास? 'कुठं काय, काही नाही.' पुढे बराच वेळ तो ऑथेल्लोचेच शब्द त्याच्याकडे परत टाकतो. मग बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलंय तिने, याची आठवण. आणि तो प्रवेश संपेपर्यंत बायकोला मारायचं नक्की झालेलं असतं! एका प्रवेशात. दारूगोळा ओला असता तर ठिणगी विझली असती हो.

रुमालाचं तर मला फार वाईट वाटतं. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून डेस्डिमोना आपला रुमाल त्याच्या कपाळाला बांधायला जाते. 'लहान आहे तुझा रुमाल,' म्हणून हाच तो झिडकारतो. रुमाल खाली पडतो आणि दोघं तसेच आत जातात. पुढे इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो आणि त्याच रुमालाचा जाब तिला विचारला जातो.

गंमत बघा, 1890 साली याच नाटकाचं मराठीत 'झुंझारराव' करणाऱ्या नाटककार गो. ब. देवलांनीच आपल्याला 'संशयकल्लोळ' दिलं. तिथे रुमालाच्या जागी तसबीर. पण तिथे फाल्गुनराव संशयी तशी त्याची बायको कृत्तिकाही संशयी, आणि बाई तोडीस तोड भांडते. घर डोक्यावर घेतात दोघं, म्हणून आपण हसू शकतो. डेस्डिमोनाला तर आपल्यावर आरोप काय आहे हेच मारायच्या घटकेपर्यंत धड सांगितलं जात नाही.

आणि ऑथेल्लोने विचारलंच नाही असंही नाही. डेस्डिमोनाच्या सोबतिणीला, एमिलियाला विचारतो. ती शपथेवर सांगते, बाईसाहेब निष्कलंक आहेत. यावर हा म्हणतो, एवढं तर कुठलीही कुंटणी बोलेल. झाली चौकशी.

बायकोला मारून मग स्वतः मरताना तो काय सांगतो? पत्रात माझ्याबद्दल लिहाल तेव्हा लिहा, की याला प्रेम शहाणपणाने करता आलं नाही, पण केलं मात्र अतोनात. म्हणजे मथळा त्यानेच देऊन ठेवलाय, आणि आपण चारशे वर्षं तोच छापतोय.

त्याच खोलीत एमिलियाही मेलेली असते. खरं बोलली म्हणून नवऱ्याने, इयागोने, भोसकलेली. त्यालाही बायकोचा संशय होताच, तोही ऑथेल्लोवरून. तिचं शेवटचं मागणं एवढंच, मला बाईसाहेबांच्या शेजारी निजवा.

आम्हाला परीक्षेत तिच्यावर कधी दोन मार्कांचाही प्रश्न आला नाही.